एका गाडीचे दोन वाटे

आजोबा गेल्यावर घरातल्या सगळ्या वस्तूंची वाटणी अर्ध्या तासात झाली. कपाट आत्याला, शिवणयंत्र आईला, भिंतीवरचं घड्याळ कुणालाच नको म्हणून शेजाऱ्यांना. घोडं अडलं ते गाडीपाशी. दोनच सीटची, लांब नाकाची, हिरवी स्पोर्ट्स कार. आजोबा एका कारखानदाराकडे आयुष्यभर ड्रायव्हर होते. मालकाची हौस फिटली तेव्हा ती गाडी त्यांच्याकडे आली.

शेवटी काका इंजिन घेऊन गेला आणि उरलेली गाडी आमच्याकडे राहिली. लोक भांडून घरात भिंत घालतात. आमच्याकडच्या दोन भावांनी गाडीचं काळीज काढून वाटून घेतलं.

मी तेव्हा सात वर्षांची होते आणि मला तर पर्वणीच होती. घरामागच्या शेडमधली ती गाडी माझी. बॉनेटखाली इंजिनाच्या जागी मांजर व्यायलेली, स्टिअरिंगवर मी, आणि शेजारच्या सीटवर बाबा. बाबा तोंडानं इंजिन काढायचे. चढ आला की आवाज जड, गिअर बदलताना मध्ये एक श्वास, उतारावर नुसती गुणगुण.

"बाबा, जोरात!"

"थांब. अजून तापलेलं नाही."

"तोंड तापत नसतं, बाबा."

"माझं तापतं. आईला विचार."

बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. कुठल्याही नटाला पाना लावण्याआधी 'थांब' म्हणायचे, म्हणून डेपोत त्यांचं नाव 'थांबा' पडलं. जोर लावायचा तो हमालानं, असं म्हणायचे. आणखी एक खोड होती. काम संपलं की फडकी मोजायची. आठ घेतली तर आठ परत हातात आल्याशिवाय बस हलायची नाही, मग प्रवासी खोळंबोत की साहेब ओरडो. पोरं चिडवायची, "थांबा, एक बसनं गिळलं वाटतं!" सगळे हसायचे. बाबा कधीच हसले नाहीत.

सतरा वर्षं अशी गेली. दोघं भाऊ लग्नकार्यात समोरासमोर यायचे, 'बरंय ना' म्हणायचे आणि वेगवेगळ्या पंगतीत बसायचे. मग बाबा निवृत्त झाले, आणि काही महिन्यांनी काकाचा आईला फोन आला.

"वहिनी, इंजिन उघडलं होतं. पुरं बांधून झालंय. गाडी आहे का अजून, की कोंबड्या पाळल्यात तिच्यात?"

"आहे की. तुमच्या दादांनी स्वतः आंघोळ केली नसेल एखाद्या दिवशी, पण गाडीला घातलीये."

"रविवारी आणतो."

आईनं हे सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. आनंद होईल असं मला वाटलं होतं. रविवारी सकाळी त्यांनी मला आणि आईला समोर बसवलं आणि सतरा वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं.

गाडी शेवटची धावली त्याच्या आदल्या दिवशी बाबांनीच इंजिन खालून उघडून साफ केलं होतं. कचरा जाऊ नये म्हणून ऑइलच्या भोकात त्यांनी एक फडकं कोंबलं, आणि ते काढायचं विसरून इंजिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी काका गाडी घेऊन गेला. घाटाखालच्या चढावर ऑइलवाचून इंजिन जाम झालं. आजोबा काकावर कडाडले, "घोड्यासारखी हाकलली असशील, छोट्या!" संध्याकाळी बाबांनी फडकी मोजली. सात भरली.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मिठाची गुळणी धरली. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता अण्णा गेले. वाटणीत छोट्या म्हणाला, मी मोडलं म्हणता ना, मग मीच नेतो. नेलं." बाबा तळहात बघत बसले. "आता त्यानं ते उघडलंय."

"म्हणजे त्याला सापडलं असणार."

"कुजूनही गेलं असेल."

आई उठली. "सापडो नाहीतर कुजो. आज तुम्ही सांगायचं. इंजिन बसायच्या आधी. नाही सांगितलंत, तर मी सांगेन आणि मीठमसाला लावून सांगेन."

काका टेम्पोतून आला. बाबांपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण केस सगळे पांढरे. इंजिन मात्र नव्या नवरीसारखं चकचकीत. बाबा त्याच्याभोवती दोनदा फिरले.

"काय दादा? दोष काढ की एखादा."

"रंग बरा दिलायस."

"रंग! तीन वर्षं घातली मी, आणि हा म्हणतो रंग!"

शेडमध्ये तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं केलं, त्याला इंजिन टांगायची चेनपुली. मी नाटकात पडदा ओढायचं काम करायचे, म्हणून साखळी मी सोडायची, काकानं इंजिन दोन्ही हातांनी सावरत मागे ढकलायचं, बाबांनी गाडीखाली झोपून गिअरबॉक्स धरायचा. गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटच्या बरोबर मधोमध शिरला की दोन्ही एकमेकांना चिकटतात. आई स्टुलावर बसून लक्ष ठेवत होती. इंजिनावर नाही, बाबांवर.

"सोड... सोड... बास! तुझ्या नाटकात पडदा असा पाडतात का गं? धाडकन?"

"काका, तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस, माझ्या हाताला साखळी रुतलीये!"

इंजिन आत सरकलं आणि बोटभर अंतरावर अडलं. हलवलं, डोलवलं. नाही म्हणजे नाही.

"बोल्ट घाल आणि आवळ," काका म्हणाला. "येतंय ओढत."

"थांब," गाडीखालून आवाज आला. "दांडा तुटेल."

"दिवसभर थांबू का?"

"छोट्या." बाबांच्या फक्त चपला दिसत होत्या. "इंजिन तू नव्हतं घालवलंस. मी फडकं विसरलो होतो आत. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

काकाचे हात इंजिनावर होते तसेच राहिले. मी साखळी घट्ट धरून ठेवली.

"कुठल्या रंगाचं?" काकानं विचारलं.

"निळं. अण्णांच्या जुन्या सदऱ्याचं."

"हं. तेच होतं."

"म्हणजे तुला..."

"तीन वर्षं झाली मला कळून. म्हटलं, स्वतःहून फोन करशील. नाही केलास. मग म्हटलं, आपणच इंजिन बांधून दारात न्यावं, तेव्हा तरी तोंड उघडतोस का बघू." काकाचा आवाज चढला. "अण्णा जाताना मला काय म्हणाले, आठवतंय?"

चपला जरा आत ओढल्या गेल्या.

"तुझ्या हातात काही टिकत नाही, म्हणाले. मी दारातच उभा होतो."

"दारात उभा होतास!"

"हो."

"आणि मी सतरा वर्षं प्रत्येक यंत्राला हात लावताना ते ऐकतोय. माफ-बिफ मला जमणार नाही, दादा. आज तरी नाही."

"नको करूस."

मग आईच उठली, गाडीच्या मागच्या बाजूला गेली. मागची चाकं जॅकवर उचललेली होती. "भावजी, गिअर टाका. मी चाक फिरवते, दांडा आपोआप जागा शोधेल. ह्यांचं डेपोतलं ऐकून ऐकून मलाही येतं."

काकानं गिअर टाकला. आईनं चाक बोटभर फिरवलं. आत 'टक' झालं आणि इंजिन स्वतःहून सरकलं, जणू कुणी दार उघडून 'या' म्हटलं.

पाइप, वायरी, रेडिएटर यांत दुपार गेली. दोघं मोजकंच बोलत होते: पाना दे, धर, तिकडून आवळ. चार वाजता काकानं आधी प्लग काढून इंजिन नुसतंच फिरवलं आणि बाबांना ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर बसवलं. "काटा वर गेला की सांग. नीट बघ." बाबांनी चष्मा दोनदा पुसला. काटा वर गेला. प्लग बसवले, चावी फिरली, एकदा खोकून इंजिन लागलं. मी लहानपणी बाबांच्या तोंडून ऐकलेल्या आवाजाहून हा कितीतरी मोठा आणि खरखरीत होता, आणि तरी मला ओळखीचा वाटला.

बाबांचे डोळे भरले होते. काकानं ते पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढून पुढे केला.

"ताईला फोन कर. तिनंही मलाच धरलं होतं. सांग तिला."

"आत्ता?"

"आत्ता."

आत्यानं फोन उचलला. "ताई, मी बोलतोय. ते इंजिन... छोट्यानं..."

"काय? ऐकू येत नाही! कसला आवाज तो?"

बाबांनी काकाकडे पाहिलं. "बंद कर की जरा."

"नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा वीस मिनिटं बंद करायचं नसतं," काका म्हणाला आणि आणखी थोडी रेस दिली. "तुला हे मी सांगायचं?"

"मग बाहेर जाऊन बोलतो."

"इथूनच बोल."

बाबांनी एकदा आईकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ धरून, डेपोतल्या चार बसेसवरून ओरडायचे तसे ओरडले, "ताई! इंजिन छोट्यानं नव्हतं घालवलं! मी घालवलं! मी!"

शेजारची खिडकी उघडली. समोरच्या दुकानातून न्हावी हातात कात्री घेऊन बाहेर आला. पलीकडून आत्या काहीतरी विचारत होती, आणि बाबा पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच मोठ्यानं सांगायला लागले.