पोस्टमनसाठी मागे राहिलेला

शेजारचा तो कुबडी दारात आडवी टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर सगळा पाडा वीटभट्टीवर गेला, तोही गेला. त्याच्या बंद घरात पोस्टमनने कोर्टाचा निकाल टाकला, अपंगाची पेन्शन नाकारल्याचा. आम्ही परतलो तोवर अपिलाची मुदत संपली होती. उशीर माफ करावा असा अर्ज त्याने जव्हारला जाऊन दिला. उत्तर अजून यायचंय.

यंदा भट्टीचा ट्रक आला तेव्हा मुकादम त्याला म्हणाला, "चल रे."

"मी आलो तर कागद कोन घेल? तुझी कोंबडी?"

सगळे हसले. मीही थांबते, हे माझ्या ओठांपर्यंत आलं, पण मी गाठोडं घेऊन ट्रकमध्ये चढले. वळणापर्यंत मागे बघत राहिले. तो आमच्याकडे नाही, पोस्टमन येतो त्या पायवाटेकडे बघत होता.