आईची भरलेली पिशवी

त्या मॅनेजरबाईचा पडलेला चेहरा आठवला की मला अजून बरं वाटतं. वाटू नये म्हणतात. मला वाटतं.

आम्ही नवरा-बायको ऑफिसात असताना आई घरी जिन्याजवळ पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि तीन तास ती तशीच पडून होती. ऑपरेशननंतर तिला खुर्चीत बसवायलाही दोन माणसं लागायची, म्हणून तिला इथे अमेरिकेतच, मॉरिसव्हिलच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. ओळखीपाळखीत मात्र ‘थोडे दिवस रिहॅबला आहे’ असंच सांगायचो.

सात महिन्यांनी एका मंगळवारी तिथल्या मॅनेजरबाईने मला बोलावलं. गोड हसून म्हणाली, तुमची आई सारखी बेल वाजवते, आम्हाला झेपत नाही, गुरुवारी घरी घेऊन जा. वर आई आपखुशीने जातेय असा एक इंग्रजी कागद पुढे केला. त्यावर आईची मराठीत सही!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला इंग्रजीचं अक्षर वाचता येत नाही. तिच्या खोलीत गेले, तर पलंगापाशी तिची कापडी पिशवी भरून तयार. वर शाल, बाजूला रुमालात गाठ मारलेली जपमाळ. आईला मी काही विचारलंच नाही. आधी पिशवीचा फोटो काढला.

नवरा फोनवर म्हणाला, “अगं, कशाला इश्यू करतेस यार? थोडे दिवस मी वर्क फ्रॉम होम घेतो, मॅनेज करू.”

“आणि परत पडली तर?”

लिफ्टशेजारी रहिवाशांच्या हक्कांचा एक तक्ता होता. सात महिने रोज त्याच्यासमोर उभी राहिले, वाचला त्या दिवशी. रहिवाशाला काढायचं तर तीस दिवस आधी लेखी नोटीस हवी, कारणासकट, त्या माणसाला कळेल अशा भाषेत. अपील चालू असेपर्यंत हलवता येत नाही. खाली तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी बाईंचा नंबर होता. तिथूनच फोन लावला आणि त्यांच्या मदतीने अपील केलं.

सुनावणीपर्यंत पिशवीला मी कुणाला हात लावू दिला नाही. पुरावा होता तो. सुनावणीत फोटो पुढे ठेवला. हातच्या काकणाला आरसा कशाला? म्हटलं, दोन दिवसांत घालवायला निघाले, सामानसुद्धा बांधून ठेवलं यांनी. मॅनेजरबाई म्हणाली, सामान आम्ही बांधलेलं नाही. कुणी मनावर घेतलं नाही. खोटारडी, मी मनात म्हटलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. मी तेवढ्यावर सोडणार नव्हते. तिला आईच्या खोलीत येऊन माफी मागायला लावली. फोनवर दुभाषी, म्हणजे आईला शब्द न् शब्द मराठीत कळावा. खुर्ची रिकामी होती, मी बस म्हटलं नाही. मान खाली घालून ती बोलत होती आणि मला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

ती गेल्यावर आई म्हणाली, “पिशवीचं ती खरं बोलत होती गं. मीच भरली, पलंगावर बसल्या बसल्या.”

“तू?”

“इथल्या एका हिंदी बोलणाऱ्या नर्सने सांगितलं, घरी जायचंय म्हणून. मग केली सही.”

मी पिशवीकडे वळले.

“आता रिकामी कर ती,” आई म्हणाली. “महिनाभर थंडी वाजतेय मला. शाल त्यातच आहे.”