पंचांची भाषा

मुलीच्या बास्केटबॉलच्या सामन्यांना नेहमी जे पंच असतात, त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. साठीचे असतील. शिट्टी वाजवण्याआधी ती शर्टाच्या टोकाला पुसतात. कुणी पोरगी पडली की हात देऊन म्हणतात, "परवागिल्ला," म्हणजे काही हरकत नाही. कानडीखेरीज त्यांच्या तोंडून मी काही ऐकलं नव्हतं.

म्हणून मी बाकावरून खुशाल मराठीत ओरडायचो. आंधळा, विकला गेलेला, आणखीही बरंच काही. पुण्याहून म्हैसूरला येऊन दोनच वर्षं झाली होती. इथं कुणाला कळणार, असं वाटायचं. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

गेल्या रविवारी सामना संपल्यावर ते माझ्याजवळ आले. शिट्टी पुसत म्हणाले, "आमच्या घरीबी मराठीच की हो. पाच पिढ्या झाल्या इथं."

मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो.

"ते असू दे. मुलगी तुमची दर मॅच झाली की येऊन सॉरी सांगते. तेवढं नको म्हणून सांगा तिला."

मी बाकावरच बसून राहिलो. त्यांनी हात पुढे केला, पडलेल्या पोरीला देतात तसाच. तो धरायची मला लाज वाटली.