पाणी आधी, रस्ता नंतर

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी माझा भाचा माणिक नाशिककडच्या एका डोंगरी किल्ल्यावर वाट चुकून मरण पावला. त्याच दुपारी, तिथून चारशे किलोमीटरवर, हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरजवळच्या एका फाट्यावर एका बाईने त्याला पाणी पाजलं.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिणं मला अजूनही जड जातं. मी हिंगोलीत बातमीदार आहे. भानामती, झपाटलेली विहीर... असलं काही कानावर आलं की मी जाऊन बघायचो आणि त्यामागचा माणूस शोधायचो. दर वेळी माणूस सापडला. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. म्हणून इथे जे पडताळता आलं तेवढंच देतो.

माझी बहीण सरू आणि दाजी मेंढपाळ. पिकं निघाली की शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवायला बोलावतात. त्यामुळे बिऱ्हाड आज या शेतात, चार दिवसांनी त्या. माणिक हिंगोलीत कॉलेजला होता, भूगोल घेऊन. घरी येताना त्याला दर वेळी फाट्यावर उतरून स्वतःचंच घर विचारावं लागायचं. फिरायची आवड तिथूनच लागली, असं तो म्हणायचा. सुट्टी आली की पाठीवर सॅक आणि मिळेल ती एसटी. मला चिडवायचा, "मामा, तुमी बातम्या फोनवर करता. जरा पायानं करून बघा की."

इतकं फिरून शिकलास काय, असं मी एकदा विचारलं होतं.

"नव्या गावात पैले पाणी मागायचं, रस्ता मंग इचारायचा. पाणी देणारा माणूस खोटा रस्ता सांगत न्हाई."

किल्ल्यावर त्याच्यासोबत दोन मित्र होते. उतरताना तो मागे राहिला. बाराच्या सुमारास त्याने एकाला फोन केला – वाट सापडत नाही, पाणी संपलंय. नंतर फोन लागला नाही. मित्रांनी खालच्या वाडीतली माणसं घेऊन शोध सुरू केला. घाबरून त्यांनी घरी मात्र अंधार पडेपर्यंत कळवलं नाही.

त्याआधी, उजेड असतानाच, मला सरूचा फोन आला. आवाजात राग होता.

"दादा, तुझा भाचा हिंगोलीला परत गेला का? फाट्यावरच्या गयामावशीचा फोन व्हता, पोरगं पोचलं का म्हणून. तिच्याकडं पाणी पिऊन निघाला म्हणं. इथं तं पत्ता न्हाई. म्या भाकरी थापून वाट बघून राहिले."

"तो नाशिककडं आहे, सरू."

"मंग मावशीनं काय भूत पाहिलं व्हय?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या कॉलची नोंद माझ्या फोनमध्ये आहे. मित्रांचा फोन त्यानंतरचा.

सकाळी माणिक एका कड्याखाली सापडला. दाजींना घेऊन मी पोचलो तेव्हा शवविच्छेदन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात, मृत्यू दुपारचा. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पोटात पाणी आहे. बरंच. आणि चावलेले शेंगदाणे. मित्र म्हणतात सकाळपासून बिस्किटांशिवाय काही खाल्लं नव्हतं. याला पाणी पाजलं कुणी?"

मी वर जाऊन आलो. गडावरचं टाकं कोरडं होतं. तळाला भेगा पडल्या होत्या. शेंगदाण्यांचं मी घरात कुणालाही सांगितलं नाही.

अंत्यविधीनंतर मी एकटाच फाट्यावर गेलो. गयाबाईंची तिथे चहाची टपरी आहे. मी काही न सुचवता, काय झालं एवढंच विचारलं.

"ऊन लई व्हतं. पोरगं बाकड्यापाशी येऊन उभं राहिलं. मावशी, पाणी, म्हनलं. रिकाम्या पोटी पाणी बाधतं म्हणून म्या आधी हातावर शेंगदाणे ठिवले. खाल्ले. तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठिवला. दुसरा बी तसाच. म्या म्हनलं, काहून रे, फिरून फिरून इतका काळा पडला, मेंढरं तरी ओळखतील का तुला? हासलं न्हाई."

"कोणत्या गाडीतून उतरला?"

"गाडी न्हाई पाहिली."

"मावशी, दुसरं कुणी असेल."

"अंगावर दूध पीत व्हतं तवापासून ओळखते म्या त्याला," त्या म्हणाल्या. "आमचं बिऱ्हाड कुठं हाय आता, असं इचारलं. ते त्याचं नेहमीचंच. म्या दाखवलं, गेलं त्या वाटेनं. पोचलं न्हाई म्हणता... इथून तं नीट गेलं."

याचं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही. डॉक्टरांना मी नंतर फोनवर गयाबाईंचं म्हणणं कळवलं. त्यांनी फक्त गयाबाईंचं पूर्ण नाव लिहून घेतलं.

टपरीवरून निघताना मी गयाबाईंना शेवटचा प्रश्न विचारला होता – रस्ता कोणता दाखवलात?

गयाबाईंनी कॅनॉलच्या पलीकडच्या शेताकडे हात केला. "ते काय, तिथं. बराबर दाखवला."

माणिक गेला त्या दिवशी पहाटेच दाजींनी कॅनॉलपलीकडचं बिऱ्हाड उठवलं होतं. मेंढ्या अलीकडच्या शिवारात, फाट्याच्या दुसऱ्या अंगाला बसल्या होत्या.