सगुणाकाकूंचे तळवे

देवीची अर्धी टेकडी चढून झाली होती. नवरात्रातली सातवी माळ. मुरूम तापला होता आणि सगुणाकाकू माझ्यापुढे झपाझप अनवाणी चालल्या होत्या. त्या दिवशी मीही चपला घरीच ठेवल्या होत्या. पाय माझेच भाजत होते.

"काकू, थांबा की जरा."

"कंपनीतल्या माणसाची बायको तू. लिफ्टची सवय."

"तुमच्या चाळीत कुठली लिफ्ट?"

"म्हंजे माझ्याच खोल्यांना नावं ठेवतीस व्हय?"

कासारसाईजवळच्या या गावात मी त्यांची भाडेकरू. काका गेल्यावर काकूंनी रस्त्याकडेच्या रानात खोल्या बांधल्या आणि हिंजवडीत कामाला येणाऱ्यांना दिल्या. पाणी वाया घालवणाऱ्याला त्या दारात उभं राहून झापतात, आणि त्याच्याच घरी बाळंतीण असली की म्हशीचं दूध पोचवतात. त्यांना साखरेचा आजार बरीच वर्षं आहे. गोळी आठवली तर घेतात. नवरात्रात पायात काही घालायचं नाही, हा नेम मात्र लग्नापासून कधी चुकला नाही.

"आधी लई टोचायचं," त्या म्हणाल्या. "आता दोन सालं झाली, काटा न्हाई का खडा न्हाई. आईनं पायाखाली हात धरलाय बघ."

मी हात जोडणारच होते, तेवढ्यात त्यांच्या मागच्या दगडावर रक्ताचा ठसा दिसला. त्याच्या अलीकडच्या दगडावरही. काकूंना बळंच खाली बसवलं. टाचेत बाभळीचा काटा मोडून रुतला होता.

"दुखत नाही?"

"न्हाई की!" काकूंना त्याचं कौतुकच वाटत होतं.

ओढणी बांधली, कळसाला तिथूनच हात जोडले आणि त्यांना खाली सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी काटा काढला, काकूंना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला जागोजागी टेकवत म्हणाल्या, "लागलं की सांगा."

दोन्ही तळवे तपासून झाले. काकू म्हणाल्या, "सुरू न्हाई केलं व्हय अजून?"

मग बाईंनी नीट समजावलं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की मेंदूपर्यंत संवेदना पोचवणाऱ्या नसा खराब होतात. पायाच्या नसा सगळ्यांत लांब, म्हणून बहुतेक वेळा आधी त्याच. दुखणं हा पहारेकरी असतो. तो गेला की जखम झालेली कळत नाही. रक्तही पावलापर्यंत कमी पोचतं, त्यामुळे जखम चिघळते, आणि दुर्लक्ष झालं तर पाय कापायची वेळ येते. गोळी रोज घ्यायची. तळवे रोज नीट बघायचे. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा.

परतताना रिक्षात काकूंनी विचारलं, "म्हंजे आईनं हात धरलाच न्हवता?"

"धरला नसता तर रक्त मला दिसलं असतं का?" मी म्हणाले. मला खरंच तसं वाटतं.

चाळीपाशी उतरल्यावर त्यांनी माझा दंड धरला.

"पोरी, रोज तळवे बघायचे म्हणाली न्हवं ती? मला वाकवत न्हाई, दिसत बी न्हाई. सुनेला सांगितलं तर ती पोराला सांगंल, आन पोरगा मला घरात कोंडंल. तू येत जा दिवेलागणीला. नीट बघ, आन दिसंल ते खरं सांग. मी वरडले तरी."