आचऱ्याच्या लाटेत हुपरीचा खोटा मासा

दोन हजार सातची दिवाळी झाली आणि आम्ही ठरवलं, आचऱ्याला जायचं. आम्ही म्हणजे मी, कोडोलीचा शाळामास्तर, आणि माझा शाळेपासूनचा मित्र दत्ता, हुपरीचा, चांदीचे पैंजण घडवणारा. समुद्र बघायला जाणारे पुष्कळ असतात. आम्ही समुद्राच्या काठावर उभं राहून गळाने मासा काढायला निघालो होतो, तोही घरी बनवलेल्या खोट्या माशाने. वारणा नदीत माझी निम्मी उमर गळ टाकण्यात गेली, त्यामुळे मला मासेमारीतलं सगळं कळतं असा माझा समज होता. तो अजूनही थोडाफार आहे.

मूळ कारण माझा मेहुणा. तो जहाजावर नोकरीला. सुट्टीवर येताना त्याने दहा फुटी रॉड, रीळ आणि एक लांबट सुईसारखा ल्यूर, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा, आणला. कोकणात टोळ नावाचा चोचवाला, सडपातळ मासा असतो, त्याची ही नक्कल. मोठे मासे टोळ खातात, म्हणून हा ल्यूर लाटेत टाकायचा. मी तो सहज दत्ताला दाखवला. त्याने तो तासभर हातात फिरवला आणि म्हणाला, "हे मी करतो की."

त्याला हे करण्याची गरज होती. बाहेरून मशीनचा माल यायला लागल्यापासून त्याच्या घरच्या भट्टीवर काम उरलं नव्हतं. थोरला भाऊ इचलकरंजीला यंत्रमागावर होता, त्याने दत्तासाठी जागा बोलून ठेवली होती. दहा दिवसांनी, सोमवारी हजर व्हायचं आणि हत्यारं विकून टाकायची, असं घरात जवळपास ठरलं होतं. मी मालवणात गळ आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, विकणाऱ्या एका दाजींना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या रविवारी सकाळी आचऱ्याला येतो, माझ्यासमोर मासा लागला तर माल ठेवीन. म्हणजे किनाऱ्यावर दत्ताच्या हातात एक शनिवार आणि एक सकाळ होती.

आठ दिवसांत त्याने बारा ल्यूर केले. आत सागवान, वर पातळ पत्रा, त्यावर चांदीचं पाणी, आणि प्रत्येकाच्या शेपटीला तीन-तीन बारीक घुंगरू. मेहुण्याच्या ल्यूरला घुंगरू नव्हते, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. पण दत्ता म्हणाला, "हुपरीत मुकं पैंजण कोण घेतंय का? आरं, आवाज आल्याबगार मासा बघंल कशाला?" मला ते शंभर टक्के पटलं. उलट मीच म्हणालो, चार-चार लाव.

शनिवारी दत्ता हुपरीहून पहिल्या एसटीने कोल्हापुरात आला. रंकाळ्याजवळून त्याला मोटारसायकलवर घेतलं आणि राधानगरीचा रस्ता धरला. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कारखाने सुरू झाले की या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यामुळे भोगावती कारखान्यापर्यंत घाई करू नका. राधानगरीत पोट भरून घ्या, कारण पुढे दाजीपूरच्या जंगलात चहासुद्धा नशिबाने मिळतो. आम्ही तिथे मिसळ खाल्ली, तीही तांबड्या कटाची. फोंडा घाटात रस्त्यापेक्षा खड्डे जास्त होते. दत्ता ल्यूरची पेटी पोटाशी धरून बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याला पेटीतून छुम छुम ऐकू यायचं. घाट उतरल्यावर कणकवली, तिथून आचरा. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतराला थांबत-थांबत सहा तास लागले.

मुक्काम सुलभाकाकूंच्या खानावळीत. मागच्या पडवीत दोन खाटा, जेवणात बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी. त्या वेळी पन्नास रुपयांत माणूस हलू नये इतकं वाढायच्या.

चारच्या सुमाराला किनाऱ्यावर उतरलो. आता थोडं शास्त्र, कारण हे वाचून कुणीतरी जाईलच. लाट फुटते त्याच्या पलीकडे ल्यूर टाकायचा. पडला की दोरी ताणून धरायची, नाहीतर लाट तिचा गुंता करते. दिवसा चंदेरी किंवा हिरवट चालतो, सूर्य टेकला की काळा बरा, कारण खालून बघणाऱ्या माशाला उजळ आभाळावर काळी रेघ नीट दिसते. लांबी वीतभर पुरे. हे सगळं मेहुण्याने फोनवर सांगितलं होतं आणि मी सगळं तंतोतंत करत होतो. दोन तासांत आमच्या गळाला शेवाळ लागलं, एक चप्पल लागली, मासा लागला नाही.

शेजारी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून मासे धरणारे एक म्हातारे आबा बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी जवळ आले.

"खंयसून इलात?"

"कोल्हापूर," मी म्हणालो.

त्यांनी ल्यूर हातात घेऊन कानाशी हलवला. "ह्यो मासो पैंजणा घालून कोणाच्या लग्नाक चललो?"

मी त्यांना समजावू लागलो की आवाजाने मासा आकर्षित होतो. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टोळ कधी वाजताना ऐकलंस? तो गप पाण्यात आडवो पडान ऱ्हवता. म्हणान तर मोठो मासो तेका गिळता." एवढं बोलून ते पाग खांद्यावर टाकून गेले. मास्तरालाच कुणी असं शिकवून जावं, हे फार वाईट.

खानावळीत येऊन दत्ता खाटेवर बसला. बरोबर आणलेल्या हत्यारांतून पक्कड काढली, पण घुंगराला लावेना.

"काढ की," मी म्हणालो.

"काढतो. पर घुंगरू गेल्यावर ह्यात माझं काय ऱ्हायलं? पत्रा गुंडाळलेली काडीच की. असली काडी मशीन एका दिवसात हजार काढतंय."

मला त्याचं फार वाईट वाटलं. चार पिढ्या त्याच्या घरात दागिना नटवण्याचं काम झालं होतं, आणि इथे त्याला नटवलेलं उतरवायचं होतं. त्याने एक-एक करत बाराही ल्यूरचे घुंगरू तोडले.

खरी अडचण पुढेच होती. काकूंच्या बादलीत समुद्राचं पाणी भरून त्याने पहिला ल्यूर सोडला, तो नाकावर उभा राहून तळाला गेला. दुसराही तसाच. घुंगरांचं वजन धरून त्याने आतलं शिसं पुढे बसवलं होतं, आता शेपूट हलकी पडली. दत्ताने ल्यूर बाहेर काढून बोटावर तोलून बघितला. मग त्याचा चेहरा बदलला. काकूंच्या चुलीत त्याने डाख द्यायची, म्हणजे सांधे जोडायची, कांब तापत घातली. शेपटीला टोच्याने भोक पाडायचं, त्यात शिशाचा थेंब सोडायचा, बादलीत टाकायचं, बघायचं, कानस मारायची, परत टाकायचं. काकू भाकरी थापताना म्हणाल्या, "माझी चूल ह्या कामाक पयल्यांदाच लागली." जेवणं होईपर्यंत बारातले चार जमले. ते पाण्यात सोडले की अगदी आडवे, हळूहळू खाली जायचे.

रविवारी उजाडता-उजाडता दाजी आले. छत्री टेकून वाळूवर उभे राहिले. पहिला मी टाकला. नदीची सवय, मी रॉडला हिसके देत ओढत होतो. अर्धा तास गेला. दाजींनी घड्याळ बघितलं.

"हिसके मारू नको," ते म्हणाले. "ओढ, पण माशाक कळाक देऊ नको."

मी रॉड दत्ताकडे दिला. त्याने आयुष्यात गळ टाकलेला नव्हता. त्याची फेक माझ्या निम्म्यावर पडली. पण चांदीची तार ओढणाऱ्या माणसाचा हात तो, रीळ असं फिरलं की दोरी कुठे थरथरली नाही. तिसऱ्या फेकीला दोरी थांबली, आणि मग एकदम समुद्राकडे पळाली.

"सोडू नको," मी ओरडलो.

"सोडतोय व्हय," दत्ता म्हणाला.

दहा मिनिटांनी दोन-अडीच किलोचा रावस वाळूवर होता. मी त्याभोवती नाचत होतो, हे कबूल करतो. दाजींनी माशाकडे बघितलंही नाही. त्यांनी ल्यूर सोडवून घेतला, दगडातल्या डबक्यात सोडला आणि वाकून बघत राहिले.

"ह्यो कोणी केल्यान?"

"मी," दत्ता म्हणाला.

"माका असलेच व्हये. वर कायएक लावू नको. मशीनचे येतत ते पाण्यात वाकडे बसतत, गिऱ्हाईक परत आणून देता. एकूण एक पाण्यात बघून दी. पयले चाळीस घेतंय, मगे बघूया."

रावस काकूंनी तळला. खाऊन, आबांच्या वाटणीचे तुकडे काकूंकडे ठेवून आम्ही निघालो. जाताना एक सांगतो, ल्यूर वापरून झाला की गोड्या पाण्यात धुवा, नाहीतर गळ आठवड्यात गंजतात.

घरी येऊन बरेच दिवस मी त्या दोन दिवसांचा विचार करत होतो. आमच्याकडे बोलणं मोठं, हसणं मोठं, आणि मीही त्यातलाच. पाण्यात गप्प, सरळ राहणारी वस्तू घडवायलाही कसब लागतं, हे मला चाळिशीत कळलं. अजून मी हिसके मारतोच.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते रविवारी संध्याकाळचं. मी दत्ताला हुपरीत घरापर्यंत सोडायला गेलो होतो. त्याची बायको मंगल हिने तो बिनघुंगराचा ल्यूर उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ह्याच्यावर नक्षीचं काम कुठं हाय?"

दत्ताने तो दारातल्या पाण्याच्या पिंपात सोडला. आम्ही तिघं वाकलो. ल्यूर आडवाच, ना नाक खाली ना शेपूट, सावकाश तळाकडे गेला. मंगल तो टेकेपर्यंत बघत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "इचलकरंजीच्या भावजींना मी सांगतो, तुम्ही उद्या येत न्हाई म्हणून."