लोडीमावर पहिलं बोट

वर्लिन स्ट्राउड आमच्या नेब्रास्कातल्या गावात केस कापायचा आणि जुने नकाशे जमवायचा. पूर्वी रेल्वे कंपन्यांनी जमिनी विकायला छापलेले नकाशे. त्या कंपन्या म्हणजे काय विचारता! रूळ पडायच्या आधीच कागदावर गावं वसवून मोकळ्या! लोडीमा त्यातलंच. रूळ गेले भलतीकडून, चार घरं कशीबशी तगली, पुढं तीही मोडली. वर्लिनची बायको आयडेला तिथं जन्मली होती.

नवा नकाशा घरी आला, की ती आधी भिंग घेऊन बसायची. "लोडीमा सापडलं ना, तर पहिलं बोट माझं. तू आधी हात लावून तर बघ!" पण ते कधी सापडलंच नाही. मागच्या हिवाळ्यात आयडेला गेली. तेव्हापासून वर्लिनला घर खायला उठायचं. रात्री तो तिचं भिंग पुसून परत ठेवायचा.

मे महिन्यात एका शेतावर लिलाव होता. मोडक्या कंदिलांच्या खोक्यात त्याला एक घडी दिसली. उलगडली, तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लोडीमा! डेन्व्हरहून आलेला जुन्या वस्तूंचा एक व्यापारी शेजारीच घुटमळत होता. वर्लिननं घडी गुपचूप कंदिलांखाली सारली. लिलावात मुरलेले सगळे हेच करतात, म्हणजे खोकं भंगाराच्या भावात पदरात पडतं. एवढा बेरकीपणा केला आणि बाबा डावीकडे वळून मोठ्यानं बोलून बसला, "आयडेला, अगं सापडलं तुझं गाव!"

लिलावात ती नेहमी डावीकडेच उभी असायची, हातात कॉफी घेऊन. आज तिथं कुणीच नव्हतं. व्यापाऱ्याचे कान मात्र टवकारले.

बोली भराभर चढली. वर्लिननं खिसा पार झाडला, तरी पुरं पडलं नाही. खोकं व्यापाऱ्यानं नेलं.

माणूस तसा वाईट नव्हता. त्यानं नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि हाक मारली, "काका, या ना. काकूंनाही बोलवा. त्यांचंच गाव ना हे?"

"ती नाही येणार," वर्लिन म्हणाला.

"बरं, मग तुम्ही तरी बघा नीट. हे काय, इथं. अहो, ठेवा की बोट, लाजताय काय!"

वर्लिनचं बोट नावापर्यंत गेलं. मग त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

"नको रे बाबा," तो म्हणाला. "पहिलं बोट तिचं ठरलंय."